तिजोरीची चावी परत करावी का?

चौथी_सीट

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी एका नागरी सहकारी बँकेत १४ वर्षं आहे, दादरच्या शाखेत. घर बदलापूर पूर्वेला, कात्रपला. २०१९ पासून हेड कॅशियर आहे. म्हणजे आतल्या खोलीतल्या तिजोरीला दोन चाव्या लागतात, त्यातली एक माझ्याकडे आणि दुसरी शाखाधिकाऱ्यांकडे. दोघं समोर असल्याशिवाय ती उघडत नाही आणि बंदही होत नाही. याचा मला महिन्याला ९०० रुपये भत्ता आहे.

कॅश काउंटर चारला बंद होतो. माझी कॅश साडेचारपर्यंत जुळते. चौदा वर्षांत दोनदाच तूट आली, एकदा ५०० ची आणि एकदा १० ची, दोन्ही पदरच्या भरल्या. मग पाकिटं बांधायची, बंडलं करायची, फाटक्या-मळक्या वेगळ्या काढायच्या, रजिस्टरात डिनॉमिनेशन लिहायचं, साहेबांनी तपासून सही करायची आणि तिजोरी बंद. पाचला हे सगळं उरकायला हवं. उरकत नाही.

कारण आमचे एक जुने खातेदार. फुलांचे व्यापारी. त्यांचा बाजार पहाटे सुरू होतो, पण बँकेत यायला त्यांना सव्वापाच वाजतात. मागच्या दाराने येतात. साहेब केबिनमधून हात करतात, "मॅडम, घ्या ना, घरचेच आहेत." घरच्यांची पिशवी उघडली की झेंडूचा वास. दहा-वीसच्या नोटा, ओल्या. फुलांवर पाणी मारतात ना, त्याच हातांनी घेतलेल्या. एकमेकींना चिकटलेल्या नोटा मशीनमध्ये घातल्या की मशीन दोन पानं एकदम ओढतं, कुंथतं आणि थांबतं. मग मी त्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरते, वर पंखा पूर्ण सोडते, कडेला पंचिंग मशीन आणि स्टॅम्प पॅडचं वजन ठेवते. नोटा वाळेपर्यंत साहेब फोनवर. वाळल्या की हाताने मोजायच्या. बोटांना पिवळा रंग लागतो, तो कल्याण येईपर्यंत जात नाही.

असं करत निघायला पावणेसात, सात. सव्वासहाच्या सुमाराची बदलापूर गेलेली असते. पुढची मिळते, पण तिच्यात आत शिरता आलं तर. (लोकलमध्ये मटार सोलणाऱ्या बायकांचे फोटो छापून येतात, त्यांना बसायला कुठल्या डब्यात जागा मिळते तेवढं कुणीतरी सांगा. माझं नाव चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायला मिळणारी जागा, ते निव्वळ आशेपोटी.)

आता घर. नवरा एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. मुलगा चौथीत. सासूबाई ७४. गेल्या दिवाळीपासून त्या विसरायला लागल्यात. आधी चष्मा, मग गॅसवर ठेवलेलं दूध, मग शेजारणीचं नाव. नवऱ्याची सेकंड शिफ्ट असते त्या आठवड्यात दुपारी तीन ते मी येईपर्यंत घरात फक्त त्या आणि मुलगा. साडेसातपर्यंत शेजारच्या काकू बघतात, त्यांचेही उपकार किती घ्यायचे.

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी पाच चाळीसला काकूंचा फोन आला. सासूबाई घरात नाहीत. मुलगा क्लासला गेला होता, कडी उघडून त्या बाहेर पडल्या. माझ्यासमोर नोटा वाळत होत्या. मी साहेबांना सांगितलं, मला निघायला हवं, आत्ता तिजोरी बंद करू. ते म्हणाले, "दोन मिनिटं," आणि फोनवर बोलत राहिले. मी दारात उभी. दोन मिनिटं म्हणजे पाच चाळीस ते सात पाच. चावी त्यांच्या टेबलावर ठेवून पळत सुटावं असं वाटत होतं, पण तसं करता येत नाही हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सासूबाई सापडल्या, सहालाच. रिक्षा स्टँडवर बसून म्हशाला सोड म्हणत होत्या. म्हसा त्यांचं माहेर, मुरबाडच्या पुढे. ओळखीच्या रिक्षावाल्याने गोड बोलून दोन चकरा मारल्या आणि घरी आणून सोडलं. भाडं घेतलं नाही. मी पोचले आठ पन्नासला. त्या मला म्हणाल्या, "आज लवकर आलीस."

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, घरचं घरी ठेवायचं. हेड कॅशियरला हे शोभत नाही."

तर प्रश्न. चावी लेखी परत करून साध्या काउंटरवर जाऊ का? ९०० रुपयांचं काही नाही. पण पुढच्या वर्षी ऑफिसरच्या बढतीची मुलाखत आहे आणि तिथे हेड कॅशियरची वर्षं धरतात. शिवाय शाखेत दोन नव्या मुली लागल्यात. मी चावी परत केली की "बायकांना जबाबदारी नको असते" हे त्यांच्याही नावावर लागणार.

आणि खरं सांगायचं तर ती चावी मला आवडते. पहिल्या दिवशी घरी आणली तेव्हा सासूबाईंनी ती देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं होतं. (नियमात बसत नाही, माहीत आहे.) २६ जुलै २०१९ च्या रात्री पावसात मी अंबरनाथच्या प्लॅटफॉर्मवर अडकले, तेव्हा पदराची गाठ मारून चावी कमरेला खोचली होती. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, बँक बंद, ते एक नशीब. घरी पोचले तर टीव्हीवर वांगणीजवळ पाण्यात उभी असलेली महालक्ष्मी एक्सप्रेस दिसत होती आणि तेव्हाच्या साहेबांचा फोन आला. "चावी सुरक्षित आहे ना?" मी कशी आहे ते त्यांनी नंतर विचारलं. विचारलं, एवढं मात्र खरं.

टिटवाळा_लेडीज

अगं बाई, नोटा वाळवायचं वाचून हसू की रडू झालं. मी शाळेत क्लार्क आहे, आमच्याकडे फीच्या नोटांना डब्याच्या लोणच्याचा वास असतो.

नोकरी अजिबात सोडू नकोस. चावी सोड किंवा धर, पण मोठ्या निर्णयाआधी एक महिना थांब. त्या मंगळवारचा राग अजून ताजा आहे. रागात लिहिलेला अर्ज आपल्याच फाइलीला आयुष्यभर चिकटतो, हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्याकडे मी २०१७ साली लिहिलेलं एक पत्र अजून निघतं अधूनमधून.

स्पष्ट_बोलतो

ताई, राग मानू नका. पण दोन दगडांवर पाय ठेवला की असंच होतं. घरात म्हातारं माणूस असं आजारी आणि आपण ९०० रुपयांच्या चावीचं कौतुक करतोय. यजमान काय करतात? त्यांची आई आहे, त्यांनी नको का बघायला? नाहीतर सरळ चांगल्या वृद्धाश्रमात ठेवा. आमच्या वेळी एकत्र कुटुंबं होती, हे प्रश्नच नव्हते.

चौथी_सीट

टिटवाळा, खरंय. अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही.

स्पष्ट_बोलतो, राग मानला. आता उत्तर देते. सकाळी आईला आंघोळ तो घालतो. फर्स्ट शिफ्ट नसेल तेव्हा डबेही तोच करतो, भाजी माझ्यापेक्षा बरी करतो. पण प्लँटमध्ये बॅच चालू असताना पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय त्याला जागा सोडता येत नाही. त्याच्याकडेही एक चावीच आहे, दिसत नाही एवढंच. त्या मंगळवारी त्याचा फोन लॉकरमध्ये होता, आत नेता येत नाही. त्याला साडेअकराला कळलं.

एकत्र कुटुंबात हे प्रश्न नव्हते असं नाही. माझ्या आजेसासूबाई शेवटी अशाच झाल्या होत्या. त्यांना चार वर्षं सासूबाईंनीच सांभाळलं. कुणी विचारलं नाही म्हणून प्रश्न नव्हता.

जुना_शाखाधिकारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून २०१४ ला निवृत्त झालो. शेवटची अकरा वर्षं शाखाधिकारी होतो, म्हणजे तुमच्या गोष्टीतल्या साहेबांच्या खुर्चीत. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, अर्जात सासूबाई आणू नका. चावी आणा.

तुम्ही घरची अडचण म्हणून चावी परत केलीत की प्रकरण तुमचं होतं. खरं तर प्रकरण शाखेचं आहे. काउंटर बंद झाल्यावर सव्वापाचला रोकड घेणं याला आमच्याकडे लेट कॅश म्हणत. तिची वेगळी नोंद लागते, आणि अपवाद म्हणून घेतात, रोज नाही. तुमच्याकडे ती नोंद होते का? मला शंका आहे. शाखेत रात्री किती रोकड ठेवायची याची मर्यादा ठरलेली असते. ओल्या नोटांची पिशवी धरून ती ओलांडली जाते का, तेही बघा. मागच्या दाराने खातेदार रोकड घेऊन आत येतो, तिजोरी उघडी आहे आणि एक चावीधारक फोनवर आहे, हे एवढं एक वाक्य कुठल्याही ऑडिटरला दाखवा. त्याला त्या रात्री झोप लागणार नाही.

दुसरी गोष्ट, चावी. ती तुम्हाला दिलेली नाही, तुमच्या पदाला दिलेली आहे. चावी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकते, जायलाच हवी. त्यासाठी चावीचं रजिस्टर असतं. रोकड मोजायची, तारीख-वेळ घालायची, देणाऱ्या-घेणाऱ्याने सही करायची, झालं. गावात लग्न असलं, ताप आला, तर चावी कोण घेणार हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. तुमच्या शाखेत पर्यायी चावीधारक नेमलेला आहे का? २०१९ पासून सलग एकाच व्यक्तीकडे चावी हे तुमच्या विश्वासूपणाचं कौतुक नाही, शाखेचा आळस आहे. रिझर्व्ह बँकेचं २०२१ चं परिपत्रक आहे: संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस, आगाऊ न कळवता, सक्तीने रजेवर पाठवायचं. त्या काळात त्याने कामाला हातही लावायचा नाही. हेतू तुमच्या विश्रांतीचा नाही, घोटाळे उघडे पडावेत हा आहे, पण रजा ती रजा. कुठल्या जागा संवेदनशील हे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचं असतं. तुमच्या बँकेच्या यादीत हेड कॅशियर आहे का, हे मुख्य कार्यालयाला लेखी विचारा. नुसतं विचारलं तरी हालचाल होते.

म्हणजे चावी परत करू नका. फिरवा. पंधरा दिवस तुम्ही, पंधरा दिवस दुसरं कुणी. यजमानांची सेकंड शिफ्ट असेल ते आठवडे चावीशिवायचे घ्या. बढतीच्या फाइलीत हेड कॅशियर तशीच राहते.

आता एक कबुली. १९९० च्या दशकात मी नाशिककडच्या एका शाखेत अधिकारी होतो. आमच्या कॅशियरबाईंना मी असाच उशीर करायचो. मोठे खातेदार, चहा, गप्पा. वाईट हेतू नव्हता, मला घरी जायची घाई नसायची इतकंच. त्यांचा मुलगा पाळणाघर बंद झाल्यावर पायरीवर बसून राहायचा, हे मला त्यांच्या निरोपसमारंभात कळलं. त्यांनी ते हसत हसत सांगितलं. मी त्या दिवशी पेढा हातात धरून बसलो होतो, खाल्ला की नाही आठवत नाही.

बाबांची_मुलगी

मी बँकेबद्दल बोलत नाही, त्यातलं कळत नाही. सासूबाईंबद्दल लिहिते. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता, सहा वर्षं.

त्यांना डॉक्टरांना दाखवलंत का? तुम्ही लिहिलेलं नाही. "वय झालं" म्हणून आम्ही दीड वर्ष घालवलं. न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. तेवढं जरी निघालं तरी जिंकलात. नाही निघालं तरी काय आहे ते कळतं.

बाहेर पडणं थांबत नाही, हे धरून चाला. दाराला वरच्या बाजूला, नजरेच्या वर, दुसरी कडी लावा, पण घरात कुणी नसताना बाहेरून कुलूप नको. आग लागली तर काय? बाबांच्या सदऱ्याच्या आत मी नाव आणि दोन फोन नंबर शिवले होते. गळ्यात कार्ड घातलं तर ते काढून टाकायचे. साडीला शिवणं अवघड, पण पोलक्याला आतून होतं. रिक्षा स्टँडवर, किराणावाल्याला, वॉचमनला फोटो आणि नंबर देऊन ठेवा. तुमच्या त्या रिक्षावाल्याने जे केलं ते बरोब्बर केलं, वाद न घालता चक्कर मारून आणायचं. गॅसचा रेग्युलेटर निघताना बंद. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, दिवसाची देखभाल करणाऱ्या केंद्रांची चौकशी तिथे करता येते.

आणि "म्हशाला सोड" म्हणाल्या तर "ते आता राहिलं नाही" असं सांगू नका. म्हशाच्या जत्रेबद्दल विचारा. घोंगड्या कशा मिळायच्या, बैल किती यायचे. बोलता बोलता बसतात.

मंत्रालयाजवळ

आमच्याकडे राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, केंद्रात ७३० दिवस. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत घेता येते. मी दोन्ही मुलांच्या दहावीला मिळून ९० दिवस घेतली. आता वडील पडून आहेत तर त्यांच्यासाठी माझी अर्जित रजाच जातेय. मुलं मोठी होतात हे सरकारला कळलं, आईबाप लहान होतात हे अजून कळायचंय. सहकारी बँकेत तर बालसंगोपनही नसेल. सेवानियम मागवून एकदा वाचून काढा, आपले नियम आपल्यालाच कुणी दाखवत नाही.

बाकी जुना_शाखाधिकारी यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. सासूबाई का लपवायच्या? घर आहे म्हणून माणूस नोकरी करतो. प्रत्येकीने अर्जात "कार्यालयीन कारणास्तव" लिहिलं तर घरात म्हातारी माणसं असतात हे कागदावर येणार कधी?

जुना_शाखाधिकारी

मुद्दा मान्य. पण कागदावर यायचं असेल तर ते युनियनच्या मागणीपत्रात यावं. एकटीच्या अर्जात आलं की तो तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. मी असे पुरावे वापरताना पाहिलेत. एकदा वापरलाही आहे.

स्पष्ट_बोलतो

चौथी_सीट, उत्तर वाचलं. बोललो ते जास्त बोललो. आमच्या मातोश्रींना कुणी सांभाळलं हे आठवून पाहिलं. मी नाही.

चौथी_सीट

दोन महिने झाले, काय झालं ते सांगायला आले.

घरी लिहिलेला अर्ज फाडला. नवीन लिहिला, एक पानाचा. त्यात सासूबाई नाहीत, बदलापूर नाही, मी जवळजवळ नाहीच. काउंटर बंद झाल्यानंतर घेतलेल्या रोकडीच्या मागच्या ४० दिवसांच्या वेळा लिहिल्या. त्या मी तीन आठवडे मागे जाऊन शिपायाच्या दाराच्या वहीतून काढल्या आणि पुढच्या रोजच्या रोज टिपल्या. खाली दोन प्रश्न: पर्यायी चावीधारक कोण, आणि सक्तीच्या रजेच्या यादीत हेड कॅशियर आहे का. साहेबांना प्रत दिली, मुख्य कार्यालयाला पाठवली. काका, तुम्ही सांगितलेलं "एक चावीधारक फोनवर आहे" हे वाक्य मात्र घातलं नाही. धीर झाला नाही.

साहेब आठ दिवस माझ्याशी फक्त "हं" एवढंच बोलले. मग मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या, रजिस्टरं बघितली, चहा घेतला नाही. या महिन्यापासून चावी पंधरा-पंधरा दिवस फिरते. दुसरी धारक आमची नवी मुलगी, वय २६. पहिल्या दिवशी तिने मला चार वेळा फोन केला. यादीचं उत्तर अजून आलेलं नाही. बढतीचं काय होईल ते मुलाखतीत कळेल. साहेब समितीत नसतात, पण शेरा त्यांचाच जातो.

सासूबाईंना दाखवलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणाले सगळं त्यानेच नाही. पोलक्यांना नंबर शिवलेत. रिक्षा स्टँडवर सगळ्यांकडे त्यांचा फोटो आहे, आता त्यांना तिथे आजी म्हणतात. काकूंना साडेसातऐवजी साडेसहापर्यंतच बसावं लागतं, माझ्या बिनचावीच्या आठवड्यात. बाकीच्या आठवड्यात अजून ओढाताण आहेच. एक बाई शोधतोय दुपारसाठी, तिचे पैसे माझ्या भत्त्याच्या सात-आठपट होतात.

परवा चावी दुसरीकडे होती त्या आठवड्यात सासूबाईंनी माझी पर्स उघडून बघितली. मला वाटलं पैसे शोधतायत. म्हणाल्या, "किल्ली कुठाय तुझी? काढून घेतली का त्यांनी?" शेजारणीचं नाव आठवत नाही, हे आठवतं. मी म्हटलं, नाही, पंधरा तारखेला येते. त्यांना पटलं नाही. रात्री नवऱ्याला सांगत होत्या की सुनेला बँकेतून काढलंय.

फुलवाले खातेदार आता दुपारी पावणेचारला येतात, पुढच्या दाराने, रांगेत उभे राहतात. नोटा अजून ओल्याच असतात.